आई सिरियस आहे का, याची सरकारी चौकशी

आमच्या भरती अकॅडमीतली पोरं पहाटे धावून येतात आणि माझ्या तासाला पेंगतात. मी त्यांना सामान्य ज्ञान शिकवते. पेंगणाऱ्याला जागं करायला माझा एक ठरलेला प्रश्न आहे, "तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च सेनापती कोण?" पोरगं डोळे न उघडता सांगतं, "राष्ट्रपती." मग मी फळ्यावर बाण काढते. खाली जवान, त्याच्यावर सुभेदार, त्याच्यावर साहेब, साहेबावर मोठा साहेब, आणि सगळ्यांच्या डोक्यावर संरक्षणमंत्री, मंत्रिमंडळ, संसद. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्या हातात शेवटचा निर्णय नसतो, तो निवडून दिलेल्या माणसांच्या हातात असतो, ही आपल्या लोकशाहीची मोठी गोष्ट, असं मी ठासून सांगते. खोटं नाही ते. आजूबाजूच्या देशांकडे बघितलं की त्याची किंमत कळते.

फक्त हे नागरी नियंत्रण दिसतं कसं, ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. ते मोटारसायकलवरून येतं, बूट दाराबाहेर काढतं आणि चहात साखर कमी टाकायला सांगतं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.ए., राज्यशास्त्र. हे मी न विचारताच सांगते, कारण विचारायची वाट बघत बसले तर कुणी विचारत नाही. बाप यंत्रमागावर होता, तो गेला. आई घरी बसून टॉवेलचे लोंबते दोरे कातरते. सोलापूरचा टॉवेल देशभर लोक अंग पुसायला वापरतात, त्यातल्या बऱ्याच टॉवेलांच्या कडा आमच्या आईच्या मांडीवरून गेल्यात. माझ्या पाठचा भाऊ सैन्यात जवान आहे, वर बर्फाकडे. त्याचे भरतीचे सगळे अर्ज मी भरले. पळायचं तेवढं त्यानं केलं.

तर आईच्या हृदयातली झडप बिघडली. जिना चढताना तिला दम लागायचा, ती म्हणायची, "जिना उंच झालाय." सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, आणि उगाच दिवस काढू नका. मी म्हटलं, "तारीख द्या." आई म्हणाली, "पोरगा येऊ द्या."

"अगं, मी आहे की."

"तू हायसच की. तू कुटं जातीस? पर टेबलावर निजायचं म्हंजे सही करायला पोरगा पायजे. त्यो येईस्तोवर मी न्हाय झोपत."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघायला लागले. बापाच्या वेळी दवाखान्यातल्या सगळ्या सह्या मीच केल्या होत्या, पण त्या धरायच्या नाहीत. तेव्हा भाऊ शाळेत होता, म्हणजे नाइलाज होता.

म्हणून भावाला फोन केला. तो म्हणाला, "आक्का, मागतो रजा. पण अवघड दिसतंय."

"का? आई आजारी आहे म्हटल्यावर रजा देत नाहीत?"

"देतात की. पण आपली आई लई वेळा आजारी पडलीय."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे सैन्यातल्या पोराला घरी बोलवायचं म्हणजे 'आई सिरियस' एवढंच कळवायचं, ही सगळ्या तालुक्याची पद्धत आहे. जत्रा असो, जागेची मोजणी असो, आई सिरियस. बाप सिरियस चालत नाही. वरचे लोक म्हणतात, बाप आजारी असला तर आई बघेल. आमची आई पहिल्यांदा सिरियस झाली तेव्हा घराचा स्लॅब टाकायचा होता. दुसऱ्यांदा झाली ती कुर्डुवाडीच्या मावसभावाच्या लग्नात, आणि त्या दिवशी ती बँडच्या पुढे अशी नाचली, की नवरीकडची माणसं थांबून बघत होती. भाऊ तिच्या शेजारी रुमाल फिरवत होता. सरकारी कागदावर त्या वेळी ती ऑक्सिजनवर होती.

आता सरकारही काही खुळं नाही. देशभरातल्या आया पेरणीला आणि लग्नसराईलाच का मरायला टेकतात, हे एवढ्या मोठ्या खात्याच्या लक्षात येणारच. त्यावर त्यांनी तोड काढली. जवान म्हणतो आई सिरियस, तर आपण त्याच्या गावच्या सरकारला विचारू. मग त्याच्या तुकडीकडून जिल्ह्याच्या कार्यालयाला विचारणा येते, तिथून ती पोलिसांकडे नाहीतर महसूलकडे जाते, तिथला माणूस घरी येऊन आईला डोळ्यांनी बघतो, आणि मग तेच सगळं उलट्या वाटेनं वर जातं. संरक्षणावरच्या खर्चाची चर्चा एकट्या संसदेत होते. आमच्या आईच्या झडपेची तीन खात्यांत झाली.

पोलीस आला तेव्हा मी अकॅडमीत होते. संध्याकाळी घरी आले तर आई खुशीत. अंगावर इरकल लुगडं, केस चापून बसवलेले, दारात पाणी मारलेलं. मला वाटलं, बरं वाटतंय तिला.

"आज पावना आलता," आई म्हणाली. "पोलीस. लई गुणाचं पोरगं. बार्शीकडचा हाय. म्हणाला, मावशी, तुमच्या पोरानं कळवलंय, म्हणून बघायला आलो."

"मग?"

"मग काय? बस म्हणलं. च्या केला. कडक भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी दिली. दोन भाकऱ्या खाल्ल्या की त्यानं. घरात बाईमाणूस न्हाय म्हणं, बायको म्हायेरी गेलीय."

"आई, त्यानं तुला तब्येत विचारली का?"

"विचारली की."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणायचं? बरी हाय म्हणलं. तुमची कशी हाय, असं बी विचारलं."

मी चप्पल न काढता तिथंच उंबऱ्यावर बसले. तिची चूक काय काढणार? आमच्यात तब्येत विचारली की 'बरी हाय' हेच उत्तर असतं. माणूस सलाईनवर असला तरी भेटायला आलेल्याला बरं हायच सांगतो, वर त्याच्या जनावरांची चौकशी करतो. परक्या माणसापुढे कण्हत पडायचं म्हणजे घराची लाज. दाराशी खाकी कपडे दिसल्याबरोबर ही बाई उठली, छातीत कळ असताना लुगडं बदललं, आणि गल्लीला दिसलं पाहिजे म्हणून दारात पाणीही मारलं. तो गेल्यावर ती दुपारभर आडवी पडून होती, हे मला शेजारणीनं मागून सांगितलं. आडवी पडलेली बघायला तेव्हा सरकार हजर नव्हतं.

पोलिसानं बघितलं तेच लिहिलं. महिला घरात हिंडताफिरताना दिसून आली, प्रकृती समाधानकारक आहे. भाकरीचा उल्लेख केला नाही, तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

भावाचा फोन आला. तो हसत होता की रडत होता, समजेना. "आक्का, सुभेदार साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. म्हणाले, तेरी माताजी तो हमसे फिट है, उनको ही भेज दे बर्फ में."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? जय हिंद म्हणालो." मग म्हणाला, "आता पळताना कुणाला दम लागला की म्हणतात, माताजीला बोलवा. तू तिला सांग की गं, जरा निजून राहा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या त्या कार्यालयात गेले. टेबलाच्या पलीकडच्या गृहस्थांपुढे डॉक्टरांचे रिपोर्ट, फिल्म, सगळं मांडलं. म्हटलं, "हे बघा. आता तरी सिरियस आहे ना?"

त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली. उलटी. "मॅडम, डॉक्टरचे कागद सगळेच आणतात."

"मग डॉक्टरवर विश्वास नाही आणि पोलिसावर आहे?"

"पोलीस शासनाचा आहे."

"आणि झडप?"

यावर त्यांनी मला नीट बघितलं. "शिकलेल्या दिसता."

"बी.ए., राज्यशास्त्र," मी म्हटलं. मान आपोआप ताठ झाली.

"मग बरं झालं. फेरचौकशीचा अर्ज स्वतःच लिहा. बाहेरचा टायपिस्ट उगाच वेळ लावतो."

मी लिहिला. तिथंच बसून, मुद्देसूद. तो वाचून ते म्हणाले, "छान आहे, पण फार खरं वाटतंय. थोडं सरकारी करा." मग मी 'माझ्या आईला दम लागतो' खोडलं आणि 'सदर महिलेस श्वसनाचा त्रास संभवतो' लिहिलं. संभवतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. या देशाचं सैन्य चालवायला काय लागतं, हे मला कुणी विचारलं तर मी तोफा नंतर सांगेन. आधी 'संभवतो' सांगेन.

परत येताना अकॅडमीवरून आले. मैदानावर पोरं पळत होती. हल्ली यांची भरती चार वर्षांसाठी होते, त्यातले थोडेच पुढे राहतात, बाकीचे घरी. सरकारनं रजेचा प्रश्न तसा मुळातूनच सोडवायला घेतलाय. पोरगंच परत आलं की आईला सिरियस व्हायचं कामच नाही.

फेरचौकशीला यायचे होते ते महसूलचे मंडळ अधिकारी. मी आईची तयारी करून घेतली. एवढी तयारी मी परीक्षेसाठीही कधी कुणाची करून घेतली नाही. "आई, साहेब आले की उठायचं नाही."

"बरं."

"चहा नाही करायचा."

"आलेल्या माणसाला पानी बी न्हाय?"

"पाणी मी देईन. तब्येत विचारली तर काय म्हणायचं?"

"बरी—"

"आई!"

"बरी न्हाय. बरी न्हाय म्हणते. पर तोंडातनं निगत न्हाय गं त्ये. आपल्याच जिवाला कसं वंगाळ बोलायचं?"

साहेब आले. पन्नाशीचे, शांत, मंगळवेढ्याकडचे. आई खाटेवर पडून होती. तिनं डोक्यावरचा पदर एवढा पुढे ओढला होता, की आजारी बाईऐवजी नवी नवरी निजल्यासारखं दिसत होतं. साहेबांनी तब्येत विचारली. आई पदराआडून म्हणाली, "बरी न्हाय." मग तिला राहवलं नाही. "तुमी उन्हाचं आलासा, जेवलासा का?"

साहेब हसले. त्यांनी रिपोर्ट बघितले, सुलटे धरून. डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावला. फोन ठेवून म्हणाले, "खरं आहे, ताई. पोराला बोलावलंच पाहिजे. मी शिफारस करतो." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मग त्यांनी कागद काढला आणि लिहिता लिहिता विचारलं, "घरात दुसरी कोणी जबाबदार व्यक्ती?"

"मी आहे," मी म्हटलं.

हे माझ्या तोंडून इतक्या चटकन गेलं, की आईच्या 'बरी हाय'वर मी कोणत्या तोंडानं ओरडले होते, कोण जाणे.

साहेबांनी पेन थांबवलं. चष्मा काढला. "ताई, असं बघा. मी लिहिलं की घरात मुलगी आहे, शिकलेली आहे, कमावती आहे, तर वरचे म्हणतील, मग जवानाची गरज काय? रजा नामंजूर. त्यापेक्षा 'नाही' लिहू या."

"पण मी समोर बसलेय तुमच्या."

"समोर आहात. कागदावर नसाल तर बिघडलं काय?"

माणूस चांगला होता, हे इथं मुद्दाम सांगते. त्याला आमचं काम करायचं होतं. काम व्हायचं तर एकच होतं, मी नसायला पाहिजे होते. आणखी एक, ते म्हणाले, घरच्यांकडून तसा जबाब पाहिजे, म्हणजे मागून त्यांच्यावर काही येणार नाही. "तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं असेल."

मी पेन घेतलं. मला स्वतःचा अभिमान आहे, पण आईच्या जिवापेक्षा मोठा नाही. आई पोराशिवाय ऑपरेशन करून घेणार नव्हती आणि डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बजावलं होतं. मी आईच्या नावानं लिहायला लागले.

खाटेवरून आवाज आला. "काय लिवतीस?"

"काही नाही. तू पड."

"मोट्यानं वाच."

मी वाचलं. न वाचता तिनं सोडलं नसतं. "माझ्या घरी माझ्या मुलाशिवाय दुसरी कोणतीही जबाबदार व्यक्ती नाही."

पदर मागे गेला. "मग तू कोण हायस?"

"कुणी नाही. दोन मिनिटं गप्प बस, तुझा पोरगा येतोय त्यानं."

आई उठून बसली. दम लागला, तरी बसली. "सायेब, ही खोटं लिवतीया. घर हिच्या पगारावर चालतंय. हिचा बाप पडला तवा त्याला रिक्षात घालून कुणी नेला? हिनं. पोरगा भरती झाला त्यो हिच्यामुळं, न्हायतर त्याला सोताचं नाव विंग्रजीत येत नव्हतं. आन् म्हणं, घरात कोन न्हाय. ही काय मेलीया व्हय?"

साहेब हळूच म्हणाले, "मावशी, सगळं खरं. पण हे असं लिहिलं तर तुमचा पोरगा यायचा नाही. कळतंय ना?"

आईला कळत होतं. तिचं तोंड पाच-सहा वर्षांच्या पोरीसारखं झालं, हातातलं काहीतरी द्यायला लागणार आहे असं कळल्यावर होतं तसं. ती दाराकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी सायकलची हवा भरत होतं, त्या पंपाचा आवाज तेवढा येत होता.

मी म्हटलं, "आई, जाऊ दे. मला काही वाटत नाही. लिहिते मी."

"तुला न्हाय वाटत. मला वाटतंय," आई म्हणाली. "सायेब, ज्ये हाय त्ये लिवा."

साहेबांनी मी लिहिलेला कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि मलाच परत दिला. दुसऱ्यावर त्यांनी लिहिलं. आजार गंभीर आहे. घरी सज्ञान, सुशिक्षित व कमावती मुलगी असून ती रुग्णाची देखभाल करण्यास समर्थ आहे. उठताना म्हणाले, "एवढा खरा अहवाल मी पूर्वी पाठवला असेल असं वाटत नाही." चहा न घेताच गेले. आईला त्याचंच वाईट वाटलं.

खऱ्या अहवालाचं जे व्हायचं ते झालं. रजा नामंजूर, वार्षिक रजेची पाळी येईल तेव्हा विचार करण्यात येईल. भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मला राग काढायला कुणी सापडेना. पोलिसानं डोळ्यांनी दिसलं तेच लिहिलं होतं. साहेबांनी खरं लिहिलं होतं. सुभेदारानं नियम बघितला होता. वर दिल्लीपर्यंत शोधलं असतं तरी एकही माणूस वाईट निघाला नसता. एवढी सगळी बरी माणसं एका ओळीत उभी केली, की एक पोरगा आईजवळ पोचत नाही, हे मला तेव्हा समजलं. हे मी पोरांना शिकवत नाही. परीक्षेला येत नाही.

त्या संध्याकाळी मी आईला जरा चिडूनच विचारलं, "आता बोल. सही कोण करणार?"

ती टॉवेलचे दोरे कातरत होती, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना. वर न बघता म्हणाली, "सायबाफुडं एवढं बोलून बसलेय. आता काय मागं घेता येतंय? तुलाच लई हौस हाय सह्यांची. कर."

भावाला फोन लावून दिला. तो पलीकडून घोगऱ्या आवाजात काहीबाही सांगत होता, पुढच्या वेळी बघू, साहेबांशी परत बोलतो. आईनं त्याला पुरतं बोलू दिलं नाही. "तू तुजं काम बघ. थंडीचं डोक्याला बांदत जा. पुन्यांदा त्यांच्या हातापाया पडू नगंस." फोन माझ्याकडे देऊन ती तोंड फिरवून बसली. मग बराच वेळ कात्री चाललीच नाही.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यात नर्स कागद घेऊन आली. तरुण पोरगी होती, घाईत होती. आईला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं, अंगावर हिरवा झगा, हातातल्या बांगड्या माझ्या पर्समध्ये. नर्सनं कागदावरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "मुलगा मिलिटरीत आहे ना? येतोय ना तो? सहीसाठी थोडं थांबायचं का?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली.

"थांबू नका. सही हीच करणार हाय. आन् जरा लवकर उरका बाई, कालच्यापासनं पोटात काय न्हाय, मला लई भूक लागलीया."